आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता, तरी गाणं घरातच राहिलं : पं. वसंतराव देशपांडे यांची जीवनकहाणी

नालासोपारा : गणपतीचे दिवस आले की तुळींजपासून सोपारा गावापर्यंत एकेका मंडपात स्पीकर सुरू होतो. सकाळी पहिलं गाणं लागतं ते बहुतेक ठिकाणी ठरलेलं. 'अष्टविनायक' चित्रपटातली गणरायाची वंदना. लहान पोरांनाही ती पाठ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये पाठवणीची वेळ आली की त्याच चित्रपटातलं बापाचं गाणं लागतं आणि वऱ्हाडातल्या बायका पदर डोळ्याला लावतात.

ही दोन्ही गाणी ज्या पुरुषाच्या आवाजात आहेत, त्याचं नाव विचारलं तर मात्र बरेच जण थांबतात. तो आवाज पंडित वसंतराव देशपांडे यांचा. ३० जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. १९८३ साली याच तारखेला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं ६३ वर्षं. घरात नातू होता, राहुल. त्याला अजून चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आज तोच नातू राहुल देशपांडे या नावाने महाराष्ट्राला माहीत आहे. मोबाइलवर त्यांची गाणी ऐकणारे वसई, वाडा, पालघरमध्येही भरपूर आहेत. आजोबांनी नातवाला समोर बसवून वर्षानुवर्षं शिकवलं असतं तर त्यात नवल नव्हतं. इथे तसं झालंच नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. तरी गाणं पोचलं. ते कसं पोचलं हे समजायचं तर आधी आजोबांचं आयुष्य बघावं लागेल.

आईने एकटीने वाढवलं

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी विदर्भात, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर इथे झाला. बालपण नागपुरात गेलं. घरात पिढीजात गाणं नव्हतं. मोठ्या गवयाचा मुलगा किंवा नातू म्हणून त्यांना काही आयतं मिळालं नाही. आईने त्यांना एकटीने, कष्ट करून वाढवलं. त्या काळात एकट्या बाईने संसार चालवणं म्हणजे काय, हे गावातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. पण परिस्थिती बेताची असतानाही तिने मुलाचं गाणं बंद पडू दिलं नाही.

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचं शिक्षण सुरू झालं. सप्रे गुरुजींची तालीम ग्वाल्हेर पद्धतीची. पुढे हिंदी सिनेमाला वेड लावणारे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, हेही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी. एकाच गुरूच्या हाताखालून निघालेले दोघे दोन वेगळ्या वाटांनी गेले.

वसंतराव लहान असतानाच भालजी पेंढारकरांची नजर त्यांच्यावर गेली. भालजींनी त्यांना 'कालियामर्दन' या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली. हा चित्रपट १९३५ सालचा. बोलपट सुरू होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पडद्यावर काम करणाऱ्या मुलाला स्वतःच गावं लागायचं. गोड गळ्याचा, चुणचुणीत मुलगा म्हणून वसंतरावांचं नाव झालं. पण बालकलाकाराचं नाव जेवढ्या लवकर होतं तेवढ्याच लवकर विसरलंही जातं. खरी वाट पुढेच होती.

लाहोरला शिकलेला एकच राग

तरुण वयात वसंतराव मामांबरोबर लाहोरला गेले. तेव्हा फाळणी झाली नव्हती. लाहोर हे गाण्याचं मोठं केंद्र होतं. तिथे त्यांना उस्ताद असद अली खाँ भेटले. उस्तादांनी त्यांना शिकवायला घेतलं, पण शिकवला तो एकच राग, मारवा. दुसरा नाही. आज मारवा, उद्या मारवा, परवाही मारवाच.

नवीन शिकणाऱ्याला हे जड जातं. त्याला वाटतं, रोज काहीतरी नवं मिळावं. पण उस्तादांचं गणित वेगळं होतं. एका रागाचा तळ गाठता आला की बाकीच्या रागांत कसं उतरायचं ते आपोआप कळतं, अशी ती शिकवण होती. विहीर एकच खणायची, पण पाणी लागेपर्यंत खणायची.

मारवा हा संध्याकाळचा राग. सूर्य बुडताना गातात. गाण्यात 'सा' हा घरासारखा असतो, गवई फिरून फिरून तिथे येऊन टेकतो. मारव्यात मात्र त्या 'सा'वर सारखं टेकायचं नसतं. 'पंचम' तर या रागात नाहीच. म्हणून ऐकताना एक हुरहूर लागून राहते. दिवेलागणीला माणूस अजून घरी आलेला नसतो आणि घरातले सारखे दाराकडे बघत असतात, तशी. हा राग पुढे वसंतरावांची ओळख झाला. त्यांचा मारवा रेकॉर्डवर आहे आणि जाणकार आजही तो शोधून ऐकतात.

एका घराण्याचा शिक्का नाही

शास्त्रीय गाण्यात 'घराणं' या शब्दाला मोठं वजन. घराणं म्हणजे गाण्याची एक रीत, गुरूकडून शिष्याकडे, बापाकडून मुलाकडे आलेली. जसं एखाद्या गावात भाताचं एकच वाण पिढ्यान्‌पिढ्या राखतात आणि दुसरं बी शेतात येऊ देत नाहीत, तसंच काहीसं. जुन्या काळी घराण्याची चीज बाहेरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून काही गवई फार जपत.

वसंतरावांनी मात्र जिथे चांगलं दिसलं तिथून घेतलं. सप्रे गुरुजींकडून ग्वाल्हेर. असद अली खाँ यांच्याकडून पतियाळा. पुण्यात सुरेशबाबू माने यांच्याकडून किराणा. सुरेशबाबू हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे चिरंजीव आणि हिराबाई बडोदेकरांचे भाऊ. मुंबईत अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजार घराण्याची गायकी, जिचं नावच मुंबईतल्या एका वस्तीवरून पडलं. आणि या सगळ्यांवर मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याचा ठसा. दीनानाथांची धारदार, वीज चमकावी तशी तान वसंतरावांच्या मनात कायमची बसली. दीनानाथ १९४२ साली अवघ्या ४१ व्या वर्षी गेले. त्यांचं गाणं पुढे कुणात ऐकू येतं, असं विचारलं की जुने रसिक वसंतरावांचं नाव घेत.

याचा त्रासही झाला. कुठल्याच एका घराण्यात न बसणारा गवई म्हणून काही जाणकारांनी त्यांना लवकर जवळ केलं नाही. गाणं कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, अशी तक्रार असायची. कुणी घराणं विचारलं तर ते आपल्यापासूनच सुरू होतं, असं वसंतराव सांगत. ऐकणाऱ्याला हा गर्व वाटेल. पण ज्याला आजोबा-पणजोबांकडून गाण्याची इस्टेट मिळालेली नाही, आईच्या कष्टांवर आणि दहा ठिकाणच्या शिकवणीवर जो उभा राहिला, त्याच्यासाठी ती साधी वस्तुस्थिती होती.

गाण्याबरोबर त्यांचा तबल्यावरही चांगला हात होता. त्यामुळे लयीची भीती त्यांना कधीच नव्हती. तालाशी खेळत, त्याला हुलकावणी देत ते नेमके समेवर येत, तेव्हा लोक बसल्या जागी उसळत.

दिवसा कचेरी, रात्री गाणं

विरारहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी नालासोपाऱ्याच्या माणसांना नवीन नाहीत. आठ तास कुठल्यातरी ऑफिसात मान मोडायची, पण जाता-येता गळा मोकळा करायचा. या मंडळींना वसंतरावांचं पुढचं आयुष्य चटकन कळेल.

इतका तयारीचा गवई, पण पोट कसं भरणार? मैफलीच्या बिदागीवर घर चालेल याची खात्री नव्हती. घरात आई होती, पुढे बायको आली, मुलं झाली. वसंतरावांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली आणि वीस वर्षांहून जास्त काळ केली. दिवसभर आकडे, बिलं, खतावण्या. संध्याकाळी आणि रात्री गाणं, रेडिओ, मैफली. सकाळी पुन्हा कचेरी.

नोकरी करणं म्हणजे कमीपणा नाही. त्या पगारावर घर उभं राहिलं. पण गाणं हे पूर्ण वेळ मागणारं काम आहे. पहाटेचा रियाज, रात्रीचं जागरण, दौरे, हे सगळं हजेरीपुस्तकात बसत नाही. त्यांच्या वयाचे दुसरे गवई देशभर फिरत होते, नाव मिळवत होते. वसंतराव रजा मिळेल तेवढंच फिरत होते. उमेदीची वर्षं अशीच गेली.

या काळात त्यांना एक सोबत मोठी मिळाली, ती पु. ल. देशपांडे यांची. आडनाव एक असलं तरी दोघे नात्यातले नव्हते. पु.लं.चा जन्म नोव्हेंबर १९१९ चा, म्हणजे दोघांत सहाच महिन्यांचं अंतर. पु.ल. पेटीवर आणि वसंतराव गायला, अशा मैफली रात्र-रात्र चालत. नाट्यसंगीत कसं जन्मलं, कसं बदलत गेलं, हे गाऊन दाखवणारे कार्यक्रमही वसंतरावांनी केले. कुठल्या जुन्या नटाने कुठलं पद कसं म्हटलं, हे ते गळ्यातून दाखवत. ज्यांनी ते नट कधी बघितले नव्हते, त्यांच्यापर्यंत तो आवाज असा पोचला. गेलेल्या माणसाचं गाणं पुढच्या पिढीला देण्याचं काम ते तेव्हाच करत होते.

मग नोकरीत बदली झाली ती थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. पुण्यातून उठून देशाच्या दुसऱ्या टोकाला. ना मैफल, ना साथीदार, ना ऐकणारे. डोंगर, पाऊस आणि कचेरी. गळ्याला रोजच्या रियाजाचं पाणी न मिळणं म्हणजे काय, हे ज्याने ऐन दाण्यात आलेलं पीक पाण्यावाचून वाळताना बघितलंय त्याला समजेल.

तिथून परतल्यावर काही काळाने वसंतरावांनी निर्णय घेतला आणि सरकारी नोकरी सोडली. वय पंचेचाळिशीच्या घरात. या वयात लोक पेन्शनचा हिशेब करतात. वसंतरावांनी पूर्ण वेळ गाणं धरलं.

'कट्यार' आणि दार लावून घेणारा उस्ताद

१९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचं. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांची. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. बालपणी पडद्यावर कृष्ण झालेल्या मुलाला खरं मोठं नाव मिळायला तीस वर्षांहून जास्त थांबावं लागलं.

नाटकाची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण ती याच विषयाची आहे. एका संस्थानात पंडितजींच्या जागी खाँसाहेब राजगायक होतात. पंडितजींकडे शिकायची आस धरून सदाशिव नावाचा तरुण येतो, तर पंडितजी निघून गेलेले. तो खाँसाहेबांकडे शिकायची इच्छा धरतो. खाँसाहेबांना आपल्या घराण्याचा अभिमान एवढा की ते बाहेरच्याला शिकवायला तयार नाहीत. तेव्हा हा मुलगा हवेलीत नोकर बनून राहतो आणि येता-जाता कानावर पडणारं गाणं साठवत जातो. समोर बसवून कुणी शिकवलं नाही, तरी गायकी त्याच्या गळ्यात उतरते. दार लावून घेतलं तरी सूर फटीतून बाहेर जातोच.

गंमत बघा. घराण्याचा दरवाजा बंद करणाऱ्या उस्तादाची भूमिका करणारा माणूस प्रत्यक्षात असा होता की ज्याने चार घराण्यांचे दरवाजे ठोठावून विद्या मिळवली होती. म्हणून त्या भूमिकेत राग होता, गर्व होता आणि आतून पाझरणारा मोठेपणाही होता. प्रयोगावर प्रयोग झाले. खाँसाहेब म्हटलं की वसंतराव, हे समीकरण बसलं. ज्यांना शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नव्हतं असे लोक या नाटकामुळे राग ऐकायला लागले.

भावगीतातही त्यांचा आवाज राहिला. कवी वा. रा. कांत यांची बगळ्यांच्या माळेवरची कविता श्रीनिवास खळे यांच्या चालीत त्यांनी गायली. भातलावणीच्या दिवसांत चिखलणीमागे बगळ्यांची रांग उतरते, तेव्हा ते गाणं आठवणारे शेतकरी अजून आहेत.

१९७९ साली 'अष्टविनायक' आला. दिग्दर्शक राजदत्त. नायक सचिन पिळगांवकर, नायिका वंदना पंडित, संगीत अनिल-अरुण यांचं. वसंतराव या चित्रपटात पडद्यावरही दिसले. त्यांच्या आणि अनुराधा पौडवाल यांच्या आवाजातली ती वंदना गावोगाव गेली. मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाचं गाणंही याच चित्रपटातलं. ज्या माणसाच्या मारव्याला दिल्ली-लाहोरचे जाणकार माना डोलावतील, त्याचाच आवाज खेड्यातल्या लग्नमांडवात बापाचा आवाज झाला. १९८२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

घरातला लहानगा

'अष्टविनायक' आला त्याच वर्षी, १० ऑक्टोबर १९७९ रोजी, पुण्यात राहुलचा जन्म झाला. आजोबा आणि नातू एका छपराखाली राहिले ते पावणेचार वर्षं. एवढ्या वयात मूल काय शिकणार? सरगम नाही, राग नाही, ताल नाही. पण ते मूल जागं झालं की घरात तंबोरा, झोपलं की घरात तंबोरा. येणारी-जाणारी माणसं गाण्यातली. घरात बोलणं गाण्याचं. आई-आजीच्या ओवीवर वाढलेल्या मुलाला ओवी कुणी शिकवत नाही, तसंच हे.

आणि एक दिवस तो आवाज थांबला.

घरातली मोठी माणसं गेली की त्यांच्या वस्तू उरतात. चष्मा, काठी, टोपी. वसंतरावांच्या घरात आवाज उरला. टेपा, रेकॉर्डी, मैफलींची ध्वनिमुद्रणं. नातवाला आजोबांचा चेहरा किती आठवत असेल कोण जाणे, पण आवाज मात्र बटण दाबलं की समोर यायचा. आजोबा रागावणार नव्हते, चुकलं तर सांगणार नव्हते, शाबासकीही देणार नव्हते. ऐकायचं तेवढं ऐकायचं, बाकी ज्याचं त्याने शोधायचं. 'कट्यार'मधला सदाशिव दाराआडून ऐकायचा. हा नातू काळाच्या पलीकडून ऐकत होता.

दुसऱ्याच्या आवाजाने दाखवलेली वाट

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नातवाला गाण्याची खरी ओढ लागली ती फक्त आजोबांच्या टेपांनी नाही. लहानपणी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं कानावर पडली आणि त्यांनी पकडून ठेवलं, असं राहुल देशपांडे यांनी सांगितलेलं आहे. घरात एवढा मोठा आवाज असताना मुलगा दुसऱ्या गवयाच्या आवाजाने भारावला. एखाद्या घरात याचा राग आला असता. इथे तसं झालं नाही. ज्या आजोबांनी स्वतः चार दारं फिरून विद्या घेतली, त्यांच्या घरात हे चालण्यासारखंच होतं.

मग रीतसर शिक्षण झालं. गंगाधरबुवा पिंपळखरे, उषा चिपलकट्टी यांच्याकडे गाणं. पुढे पंडित मुकुल शिवपुत्र यांच्याकडे. मुकुलजी हे कुमार गंधर्वांचेच चिरंजीव. तबला पंडित सुरेश तळवलकर यांच्याकडे. म्हणजे आजोबांसारखंच झालं. एक गुरू नाही, अनेक. आणि आजोबांसारखीच गाण्याला तबल्याची जोड.

मोठ्या माणसाचा नातू असणं हे जेवढं भाग्याचं तेवढंच ओझ्याचं. गावातल्या नावाजलेल्या पैलवानाचा नातू आखाड्यात उतरला की लोक त्याची कुस्ती बघत नाहीत, आजोबांशी तुलना करतात. गाण्यात हे जास्तच. तान चांगली आली तर आजोबांची, चुकली तर स्वतःची. असे शेरे झेलत आपला आवाज शोधायचा, हे सोपं काम नाही. नक्कल केली तर लोक म्हणणार नकलाकार, नाही केली तर म्हणणार आजोबांचं काही आलं नाही.

२०१० साली सुबोध भावे यांनी 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा रंगमंचावर आणलं. खाँसाहेबांच्या भूमिकेत उभे राहिले राहुल देशपांडे. आजोबांना जाऊन २७ वर्षं झाली होती. ज्यांनी मूळ नाटक बघितलं होतं असे कितीतरी जण तेव्हाही नाट्यगृहात येणारे होते. त्यांच्यासमोर तीच पदं म्हणायची, म्हणजे परीक्षाच.

२०१५ साली या नाटकावर चित्रपट झाला, दिग्दर्शन सुबोध भावे यांचंच. त्यात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि खाँसाहेबांचं गाणं राहुल देशपांडे यांनी गायलं. १९७९ साली 'अष्टविनायक'मध्ये सचिन नायक होते आणि आवाज आजोबांचा घुमत होता. ३६ वर्षांनी सचिन यांच्या ओठांवर नातवाचा आवाज आला. ठरवून जुळवायला गेलं तरी एवढं नेमकं जुळत नाही.

१ एप्रिल २०२२ रोजी 'मी वसंतराव' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. नातवाने आजोबांची भूमिका केली, गाणीही गायली, संगीतही दिलं. नागपूरची आई, लाहोरचा मारवा, कचेरी, बदली, नाटक, हे सगळं लोकांनी पडद्यावर बघितलं. या चित्रपटातल्या गाण्यासाठी राहुल देशपांडे यांना ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. ज्या आजोबांचं कलावंत म्हणून मोठं नाव व्हायला सत्तेचाळिशी उजाडली, त्यांचं आयुष्य गाऊन नातवाला देशाचा मान मिळाला.

नागपुरात आज वसंतरावांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. ज्या शहरात आईने कष्ट करून मुलाला शिकवलं, त्याच शहरात आता त्याच्या नावाच्या रंगमंचावर नवी मुलं गातात. पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ 'वसंतोत्सव' होत आला आहे. त्यात शास्त्रीय गाणं असतं, तसं इतर प्रकारचंही असतं. एका घराण्याचा शिक्का नसलेल्या माणसाच्या नावाला ते शोभतं.

आपल्या ओटीवरचं गाणं

जव्हार-विक्रमगडकडे तारपा वाजवणारा म्हातारा पोराला वही देत नाही. पोरगा नाचाच्या वेळी जवळ बसतो, बघतो, फुंकून बघतो, आणि काही वर्षांनी वाजवायला लागतो. सोपारा-निर्मळकडच्या भजनी मंडळातही तसंच. आजोबा मृदंग घेऊन बसतात, नातू टाळ घेऊन मांडीशी बसतो. आधी ताल चुकतो, मग हळूहळू लागतो. कुणी सर्टिफिकेट देत नाही.

आता चाळीतल्या आणि इमारतीतल्या घरात मृदंग नसेल. आजोबा गावाकडे आणि नातू नालासोपाऱ्यात, असंही असेल. पण मोबाइल दोघांच्याही हातात आहे. वसंतरावांच्या घरात टेपांनी जे काम केलं ते आज या मोबाइलने होऊ शकतं. आजोबांची गवळण, आजीची जात्यावरची ओवी, लग्नातलं हळदीचं गाणं अनेक घरांत अजून जिवंत माणसांच्या गळ्यात आहे. रेकॉर्ड करायला दोन मिनिटं लागतात. माणूस गेल्यावर मात्र ती दोन मिनिटं कुठेच मिळत नाहीत.

वसंतरावांनी नातवाला एकही राग शिकवला नाही, तेवढं आयुष्यच हाती नव्हतं. त्यांनी गाणं घरात वाहतं ठेवलं आणि दार उघडं ठेवलं.

यंदाच्या गणपतीत मंडपात सकाळची ती वंदना लागली की मांडीवरच्या नातवाला एवढं जरूर सांगावं, की हा आवाज वसंतराव देशपांडे यांचा. आणि मग त्याच मोबाइलवर त्याला त्यांच्या नातवाचा आवाजही ऐकवावा.